फक्त नापासांसाठी

आमच्या सरांच्या क्लासला प्रवेश मिळवायचा तर आधी नापास व्हावं लागायचं. थट्टा नाही करत. चारकोपला सेक्टरमधल्या त्यांच्या बैठ्या घराच्या ग्रिलवर एक पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर सरांनी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं: 'बारावी रसायनशास्त्र. फक्त नापासांसाठी. पहिल्या खेपेवाल्यांनी बेल वाजवू नये.'

तरी लोक वाजवायचेच. एकदा माझ्यासमोर एक बाई मुलाला दंडाला धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, अहो फार कच्चा आहे हा. नापासच समजा ना."

सर ग्रिलच्या आतून म्हणाले, "समजून कसा चलात? आधी होऊं दे. मगे येवा."

"अहो, पण वर्ष फुकट जाईल त्याचं!"

"तुमका कोणी सांगल्यान फुकट जाता म्हणून?" असं म्हणून सरांनी ग्रिलचा पडदा सर्रकन ओढला. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मुलगा मात्र एकदम खूश दिसला.

पाटीच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, 'पास झालेल्यांनी आत येऊ नये.' ती मी तेव्हा नीट वाचलीच नाही. पास व्हायचं त्या वेळी कुणाच्या डोक्यात होतं?

सर मूळचे मालवणकडचे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत ते केमिस्ट होते. पुढे कंपनी बंद पडली, पण सरांनी कंपनीचा निळा कोट काही सोडला नाही. शिकवताना कोट, बाजारात कोट, बँकेत कोट. एकटेच राहायचे. बोटांची टोकं कायमची पिवळी पडलेली. वर्गात मराठी बोलायचे, पण चिडले किंवा खूश झाले की थेट मालवणीत घुसायचे, त्यामुळे ते नक्की काय झालेत ते कळायला आम्हाला दोन आठवडे लागले.

आणि वास. कुठल्याही वस्तूला सर कधी नाक लावायचे नाहीत. वस्तू हातभर लांब धरायची, दुसऱ्या हाताच्या पंजानं तिच्यावरची हवा आपल्याकडे ढकलायची आणि मग हुंगायचं. चहाचा वास असाच घ्यायचे, धुतलेल्या शर्टाचा असाच, आणि एकदा तर मी वाढदिवसाला नेलेल्या केकचासुद्धा. लॅबमध्ये ॲसिडच्या बाटलीला नाक लावायचं नसतं, म्हणून ही सवय. केकमध्ये कुठलं ॲसिड असणार होतं ते देव जाणे.

या सवयीमुळेच माझ्या आईची नि सरांची ओळख झाली, आणि ती भांडणातून झाली. आम्ही चारकोप गावठाणातले कोळी. आई मार्केटात मासळी विकते. एके दिवशी निळा कोट घातलेला एक म्हातारा तिच्या पाटीपासून तीन फूट लांब उभा राहिला आणि पापलेटांवरून हातानं वारा घ्यायला लागला. आईचं डोकं आधीच गरम असतं. मी तिच्यावरच गेलेय.

ती ओरडली, "ओ मास्तर, माश्या हाकलताय का गिऱ्हाईक हाकलताय?"

"वास घेतंय."

"मंग जवळ या की! नाक काय कापून घेणार हाय मी तुमचं?"

"नाक थेट नेऊचा नाय. लॅबचो नियम असा."

"ही लॅब नाय. ही माजी पाटी हाय."

सरांनी आईच्या थर्माकोलच्या खोक्यात हात घातला, बर्फ नि पाणी दोन्ही चाचपलं आणि जाहीर केलं, "बर्फ वितळताहा नि पाणी गोठताहा, दोन्ही एका टायमाक. म्हणजे आत शून्य डिग्री. मासळी ताजी. चार दी." त्या दिवसापासून सर आईचं पक्कं गिऱ्हाईक झाले. आई त्यांना घरात 'तो वारा खाणारा मास्तर' म्हणायची. पण पापलेटांची चांगली जोडी बाजूला काढून ठेवायची ती त्यांच्याचसाठी.

मी बारावीला रसायनशास्त्रात आपटले तेव्हा आईनं हे दुःख आधी सरांनाच सांगितलं, हलवा माशाचे तुकडे करता करता.

सर म्हणाले, "अरे वा! किती?"

"सत्तरपैकी अकरा."

"झकास! पाठव तिका."

आई घरी येऊन म्हणाली, "मास्तर लई खूश झाला तुझ्या मार्कांवर." मला वाटलं, चला, आता हसणाऱ्यांत एक मास्तरही आला.

आता खरं सांगते, त्या वर्षी माझं काय चाललं होतं ते. मला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन व्हायचं होतं. कोर्सला बारावी सायन्स पास लागतं आणि माझा एकच विषय अडकला होता. जुलैत फेरपरीक्षा. आईचे गुडघे गेलेले, सकाळी उठून धक्क्यावर जायचं, मग दिवसभर पाटावर बसायचं, तिला एकटीला होईना. ती मला सरळ म्हणाली होती, "या टायमाला सुटलीस तर शिक बाय, मी रेटीन कसंतरी. नाय सुटलीस तर ऑगस्टपासून माझ्या बाजूला पाट टाक." त्यात तिचं काही चुकत नव्हतं. मासे विकण्यात कमीपणा आहे असंही मला कधी वाटलं नाही. पण माझ्यानं गिऱ्हाईकाशी गोड बोलवत नाही. एकदा आईच्या जागी बसले होते, एक बाई म्हणाली, 'डोळे बघू जरा.' मी म्हटलं, माझे की माशाचे? बाई गेली ती गेलीच. मी तिथं बसले असते तर वर्षभरात धंद्याची वाट लावली असती, आणि माझीही.

तर पहिल्या दिवशी गेले. सरांच्या क्लासचा प्रवेश अर्ज म्हणजे नापास झालेल्या पेपरची झेरॉक्स. बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची प्रत मागवायची आणि ती सरांच्या हातात द्यायची. सर ती सगळ्या बॅचसमोर मोठ्यानं वाचायचे. टिंगल करायला नाही हं, चवीनं. माझी वाचताना ते एका जागी थांबले, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचलं. "समतोल आल्यावर रिअॅक्शन थांबते आणि दोन्ही बाजूंचा माल सारखा होतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गो, एका वाक्यात दोन चुको! ह्येका डोक्या लागता."

मी म्हटलं, "सर, समतोल म्हणजे सारखंच ना? तराजूला असतं तसं."

"तराजू तुझ्या आईसकडे. हंय तराजू नाय."

बॅचमध्ये आम्ही सातजण होतो. माझ्याच कॉलेजातले दोघं, केतन आणि प्रज्ञा. केतन गुजराती, महावीर नगरचा, बापाचं कपड्यांचं दुकान, दर दोन वाक्यांनी 'यार'. प्रज्ञा चष्मेवाली, अक्षर मोत्यासारखं, पण परीक्षेत हातपाय गार पडायचे तिचे. सातही जणांना एकच धडा जायचा नाही, केमिकल इक्विलिब्रियम. पुढं गेलेली रिअॅक्शन मागं फिरते म्हणे. कशाला फिरते? गेली तर जाऊ दे ना!

या धड्यात एक प्रसिद्ध नियम आहे. समतोलात असलेल्या मिश्रणावर कसलाही ताण दिला की ते तो ताण कमी होईल अशा बाजूला सरकतं. पुस्तकात त्याला एका फ्रेंच माणसाचं लांबलचक नाव आहे. सर त्याला 'हट्टाचो नियम' म्हणायचे आणि स्वतःवर करून दाखवायचे. "पंखो मोठो करा." आम्ही केला. सरांनी शाल गुंडाळून घेतली. "बंद करा." बंद केला, सरांनी शाल काढून वहीनं वारा घ्यायला सुरुवात केली. "बघितलात? तुम्ही ताण दिलात, मी कमी केलंय. आता दाब वाढवा." दाब कसा वाढवायचा ते कुणाला सुचेना, म्हणून केतननं त्यांना घट्ट मिठी मारली. सरांनी श्वास सोडून पोट आत घेतलं. त्याला पूर्ण मार्क मिळाले.

पण एक गोष्ट ते फार गंभीर होऊन सांगायचे, कोटाच्या खिशावर हात ठेवून. "कंपनीत आमचो एकच मंत्र. तयार झालेलो माल भांड्यात ठेवूचो नाय. ठेवलास तर रिअॅक्शन उलटी फिरता, होत्याची नव्हती होता. तयार झालो की भायर काढूचो. मगे ती पुढे पुढेच जाता." आम्ही ते लिहून घेतलं. दोन मार्कांचा प्रश्न होता.

क्लास चालू असताना दार कायम बंद. कितीही उकडो. समतोलाला भांडं बंद लागतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी सोड्याची बाटली फोडली, फेस उसळला, तर शोक झाल्यासारखे तिच्याकडे बघत म्हणाले, "गेलो समतोल." मग तो सोडा आम्हाला प्यायला दिला. उशिरा येणाऱ्याला आत घेणं नाही. प्रज्ञा एकदा दहा मिनिटं उशिरा आली आणि तिनं ग्रिलबाहेर छत्रीत उभं राहून पूर्ण तास ऐकला. त्या दिवशी तिला आमच्यापेक्षा जास्त कळलं होतं, हेही सांगून टाकते.

आमची बॅच जून-जुलैतली. म्हणजे मासेमारी बंदीचे दिवस. बोटी किनाऱ्याला, आईच्या पाटीवर नुसतं सुकं. ताजी मासळी बंद झाली की सर जगावर चिडायचे. पेपरवाल्यावर, दूधवाल्यावर, आमच्या वहीतल्या बाणांवर. मी एकदा आईच्या वतीनं बंदीलाच शिव्या घातल्या, तर मलाच ओरडले. "पिल्लां नको होऊक? जितकी पकडतास तितकी परत येऊक होयी. नायतर एक दिवस समुद्र रिकामो." हे म्हणताना तोंड असं केलं होतं, की बंदी उठवायला निघालेत.

त्यांची दया येऊन आईनं सुक्या जवळ्याची चटणी करून स्टीलच्या डब्यातून माझ्याबरोबर पाठवली. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही रीत आमच्याकडे आहे तशी त्यांच्याकडेही. पण एकट्या माणसाच्या स्वयंपाकघरात असणार काय? सरांनी डबा घासून पुसून त्यात मूठभर साखर घालून दिला. दुसऱ्या शनिवारी सुकट गेली, आली मूठभर साखर. तिसऱ्या शनिवारी सुके बोंबील, मूठभर साखर.

आई म्हणाली, "एवढ्या बोंबलांना मूठभर साखर? विचार तुझ्या मास्तरला, हाच का तुमचा समतोल?"

मी खरंच विचारलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "उद्या आईसकडले दोन टब घेऊन ये. दाखवतंय."

मी नेले. मासळीचे निळे टब, घासले होते तरी काय वास जातो? केतननं नाक मुरडलं. सर म्हणाले, "नाक थेट नेव नको मेल्या, हातान वारो घे." घराच्या पुढच्या मोरीपाशी दोन्ही टब ठेवले. माझा टब पाण्यानं भरलेला, केतनचा रिकामा. माझ्या हातात पितळेचा तांब्या, त्याच्या हातात चहाचा कप. सर टाळी वाजवणार. प्रत्येक टाळीला मी माझ्या टबातून एक तांब्या त्याच्या टबात ओतायचा, त्यानं त्याच्या टबातून एक कप माझ्यात. प्रज्ञानं लाकडी फूटपट्टी घेऊन दोन्ही टबांतलं पाणी मोजायचं आणि ओरडायचं.

टाळी. टाळी. टाळी. माझं पाणी बघता बघता खाली जायला लागलं. मला राग यायला लागला. म्हटलं, "सर, हे काय! माझं संपतंय सगळं!"

"संपू दे."

"ह्याला तांब्या द्या ना, मला कप!"

"दुनियेत सगळ्यांका तांब्यो गावना नाय. ओत."

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "मास्तर, अर्ध्या तासात पाणी जाणार आणि तुम्ही पोरांना खेळवताय?"

"वैनी, थेंब वाया जाणा नाय. ह्या टबातला त्या टबात."

हळूहळू माझ्या टबात बोटभर पाणी उरलं. तांब्या भरेना. आडवा घालून जेवढं येईल तेवढं ओतत होते. केतनचा टब काठापर्यंत आला. प्रज्ञा ओरडली, "सर, दोन्हीकडे मघाशी होतं तेवढंच!" पुढच्या टाळीला, "तेवढंच!" आणखी पुढच्या टाळीला, "तेवढंच, सर!"

केतन म्हणाला, "हो गया ना सर, बंद करू? हात गेला यार."

"बंद कोणी सांगल्यान?" आणि टाळ्या चालूच. किती वेळ ते आठवत नाही, माझे दंड भरून आले होते एवढं खरं. शेवटी टाळी न थांबवता त्यांनी मला विचारलं, "तुझ्या टबात पाणी किती?"

"बोटभर."

"केतनच्या?"

"काठोकाठ."

"सारखा असा?"

"कुठं सारखं आहे!"

"मगे थांबला?"

"थांबलं कुठं, हात तुटायला आलेत माझे!"

"आता तांब्यात बघ. किती येता?"

मी पाहिलं. त्या एवढ्या मोठ्या तांब्यात तळाशी पाणी होतं, बरोबर केतनच्या कपाएवढं. तेवढं जात होतं, तेवढंच येत होतं. म्हणून पट्टी हलत नव्हती. मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. सत्तरपैकी अकरा का मिळाले ते मला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की मला रडूच आलं. सर टाळी थांबवून म्हणाले, "रेट सारखो. माल नाय." आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "आत्ता कळलं मला." त्या दिवशी क्लासला आठ विद्यार्थी होते म्हणायला हरकत नाही.

तेव्हापासून आम्हाला एक खोड लागली. समतोल हा शब्द ऐकला की हात चालू. माझा हात तांब्या उपसायचा, केतनची बोटं कप धरायची, प्रज्ञा हवेत पट्टी उभी करायची. सर काही बोलायचे नाहीत, कारण त्यांचेही हात टाळी वाजवायच्या बेतात असायचे. हीच खोड आम्हाला नडली, आणि नडली ती थेट परीक्षेत.

सेंटर आलं दिंडोशीकडच्या एका शाळेत. कॉलेज एक, म्हणून तिघंही एकाच वर्गात. केतन माझ्या पुढे तिरका, प्रज्ञा खिडकीशी. पेपर उघडला आणि तिसऱ्या पानावर प्रश्न, 'समतोल गतिमान असतो, स्पष्ट करा.' मी डोळे मिटले, टब समोर आणला आणि आठवायला लागले. डोळे उघडले तेव्हा माझ्या बेंचपाशी सुपरवायझर बाई उभ्या.

"काय चाललंय?"

"काही नाही, मॅडम."

"हात काय करतोय तुझा?"

माझा डावा हात हवेत होता, तांब्या अर्धा कलता. बाईंनी मान वळवली. केतन चिमटीत काहीतरी धरून तालात ओतत होता. प्रज्ञा पट्टी वर-खाली करत होती. बाई म्हणाल्या, "अच्छा! म्हणजे तिघांचं आहे! मोठा हात म्हणजे ए, छोटा म्हणजे बी, आणि ती पट्टीवाली पर्याय मोजतेय!" आणि त्यांनी आमच्या तिघांच्याही उत्तरपत्रिका उचलल्या.

 कॉपी केस म्हणजे संपलंच. कोर्स गेला, आईच्या शेजारचा पाट नक्की. प्रज्ञा पांढरी फटक पडली. केतन पुटपुटला, "वाट लागली यार." आणि मला, नेहमीसारखा, नको तेव्हा राग आला. मी उभी राहून म्हटलं, "मॅडम, आम्ही पाणी भरत होतो!"

अख्खा वर्ग वळला. गडबड ऐकून केंद्रप्रमुख आले, चष्मा कपाळावर चढवलेले दमलेले गृहस्थ. त्यांनी आम्हाला कॉरिडॉरमध्ये नेलं आणि विचारलं, "कसलं पाणी?"

मी सांगायला गेले, पण ते तोंडानं सांगता येईना, हातच चालायला लागले. बाई म्हणाल्या, "बघा, बघा! पुन्हा खुणा!" मग मीच म्हटलं, "सर, दोन बादल्या द्या. दाखवते."

शिपाईमामांनी लादी पुसायची एक बादली आणली आणि बागेतली एक. तांब्या नव्हता, म्हणून टमरेल. कप ऑफिसातला. मी, केतन आणि प्रज्ञा, बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी, कॉरिडॉरमध्ये पाणी इकडून तिकडे ओततोय आणि मी टाळ्या नाहीत म्हणून तोंडानंच 'हं, हं' करतेय. बादलीत पाणी बेताचंच घेतलं होतं, त्यामुळे लवकर आलं. प्रज्ञा पट्टी धरून म्हणाली, "तेवढंच. तेवढंच, सर."

सुपरवायझर बाई वाकून बघत होत्या. त्या इतिहास शिकवायच्या, हे नंतर कळलं. म्हणाल्या, "पण दोन्हीकडे सारखं कुठं झालंय?"

माझीच चूक! शब्दाला शब्द माझी! मला इतका आनंद झाला की मी विसरले कुणापुढं उभी आहे, आणि एका दमात बोलून गेले, "रेट सारखो, बाई. माल नाय!"

केंद्रप्रमुखांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, दोन्ही बादल्यांत पाहिलं आणि टमरेल हातात घेऊन स्वतः एक खेप करून बघितली. मग म्हणाले, "पेपर द्या त्यांचे. दहा मिनिटं वाढवून द्या." आणि मला म्हणाले, "डावा हात मांडीखाली ठेवून लिही. उजव्याला काम दे." मी तसंच लिहिलं, डावा हात बुडाखाली दाबून. तो मुंग्या येऊन बधिर झाला होता.

सरांना हे सगळं केतननं रंगवून सांगितलं. मला वाटलं, आता तरी शाबासकी देतील. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "टमरेल केवढा होता?"

ऑगस्टात निकाल लागला. रसायनशास्त्र, सगळं धरून शंभरात त्रेचाळीस. मी मोबाईल हातात घेऊन गावठाणातून सरांच्या घरापर्यंत पळत गेले आणि गल्लीतूनच ओरडले, "सर! सुटले!"

सर कोट घालून बाहेर आले. ग्रिलच्या आत उभे राहून मोबाईल जवळ धरायला लावला, एक एक विषय बोटानं सरकवून वाचला. "पास?"

"पास, सर!"

मी ग्रिलच्या कडीला हात घातला, तर त्यांचा हात आधीच कडीवर. म्हणाले, "पाटी वाच."

मला वाटलं गंमत करतायत. मी ती खालची बारीक ओळ त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. म्हटलं, "सर, पाया पडायला आलेय मी."

"भायरसून पड."

मी खरंच बाहेरून पडले, रस्त्यावर. उठले तोवर पडदा ओढलेला. काय वाटलं सांगू? दोन महिने ज्या घरात मी चहा प्यायले, रडले, ज्याच्या मोरीपाशी हात मोडेस्तोवर पाणी उपसलं, तिथं मला आता जागा नाही! मी भर गल्लीत त्यांना खडूस म्हातारा म्हटलं, आणखीही काही म्हटलं, ते लिहीत नाही.

आजही मी त्या ग्रिलच्या आत गेलेली नाही. टेक्निशियन झाले, आता एका लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांच्या बाटल्या हातात असतात आणि मी कशालाही थेट नाक लावत नाही. रविवारी डबा घेऊन जाते, बाहेर उभी राहते, सर डबा घेतात, मूठभर साखर घालून परत देतात. मागे नव्या नापासांच्या टाळ्या चालू असतात. पण त्या निकालाच्या दिवसाचं राहिलं सांगायचं.

मी रडत घरी गेले. आईनं सगळं ऐकलं. बंदी उठून पहिल्या बोटी लागल्या होत्या. तिनं दोन मोठी पापलेटं साफ केली, डब्यात घातली आणि पदर खोचून म्हणाली, "चल. बघतेच त्या वारा खाणाऱ्याकडं."

ग्रिलपाशी जाऊन तिनं हाक मारली, "ओ मास्तर! माझ्या पोरीला दारातनं हाकलता? काय घाण केली हाय तिनं तुमच्या घरात?"

पडदा सरला. सरांचे डोळे लाल होते, की मलाच वाटलं तसं. त्यांनी ग्रिलमधून डबा घेतला, झाकण उघडलं, लांब धरून त्यावरून हातानं वारा घेतला, आणि आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आतून डबे उघडल्याचे, काहीतरी खरवडल्याचे आवाज येत होते. आई पुढं काय काय बोलायचं ते मनात जुळवत होती, तिचे ओठ हलत होते.

सर आले आणि डबा परत दिला. आईच्या हातून तो सुटणारच होता, इतका जड. तिनं झाकण काढलं. काठोकाठ साखर, वरून हातानं दाबून दाबून भरलेली. घरातली होती नव्हती तेवढी सगळी असावी.

सर माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "तयार झालेलो माल भांड्यात ठेवूचो नसता, बाय. आत घेतलंय तर हंयच बसतली ती."

आणि पडदा ओढला.

आईला काही कळलं नाही. मला कळलं. दोन मार्कांचा प्रश्न होता तो, मी वहीत लिहून घेतला होता. मी तिथंच गल्लीत उभी राहून ढसाढसा रडले. या खेपेला रागानं नव्हे.

परत येताना आई डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालत होती.  मग म्हणाली, "काय म्हणाला तो?"

"म्हणाले, पास झाली."

"ते मला बी ठाऊक हाय." ती डब्याकडे बघत राहिली. मग एकदम वैतागून म्हणाली, "मेल्यानं एवढी साखर घातली. आता हा डबा मी त्याला परत काय घालून देऊ?"

घर येईपर्यंत तिला सुचलं नाही. मग दार उघडता उघडता म्हणाली, "उद्या सुरमई बघते."